सड्यावर निघालेली भेकरी

उंच डोंगराच्या पायथ्याशी एक दाट रान होते. त्या रानात सकाळ उशिरा उतरत असे. आधी ती कड्यावर थांबे, मग झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळे, आणि मग कुठे खालच्या पाचोळ्यावर येऊन पहुडे. त्या रानात एक तरुण भेकरी आपल्या आईबरोबर राहत असे. बाळांनो, भेकर म्हणजे हरणांच्या कुळातला एक लहानसा प्राणी. उंची शेळीएवढी, रंग विटकरी, पाय काटकुळे, आणि डोळे असे की काहीतरी विचारायचे राहून गेल्यासारखे. भेकरे लाजाळूच असतात. पण ही भेकरी सगळ्यांत लाजाळू. कुणी वाटेत आडवे बसले, तर "जरा सरकता का?" असे म्हणण्याऐवजी ती मुकाट्याने काट्यांतून जाई.

रानात एक म्हातारा गवा होता. त्याचे एक शिंग टोकाशी तुटलेले होते आणि त्याने डोंगराच्या साऱ्या वाटा पायांखाली घातल्या होत्या. दुपारी पाण्यात उभा राहून तो गोष्टी सांगे. "वर सडा आहे," तो म्हणे. "डोंगराच्या माथ्यावर नुसता सपाट कातळ. पावसाळा ओसरला की त्या कातळाला रंग फुटतो. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, आणि मधूनच बारीक बारीक निळी फुलं, पापणीवर थेंब अडकावा तशी. खळग्यांत पाणी साचलेलं असतं आणि त्यात आभाळ उतरलेलं असतं. वाकून प्यायलं की आभाळच प्यायल्यासारखं वाटतं."

भेकरी हे ऐके आणि तिचे डोळे मिटत. झोपेत तिला तो सडा दिसू लागला. जागेपणीही चरता चरता ती थांबे आणि डोंगराकडे पाहत राही. तोंडातला पाला तोंडातच राही.

भाद्रपदात एके दिवशी पाऊस थांबला. डोंगरावरचे ढग विरळ झाले, आणि भेकरी आईला म्हणाली, "आई, मी सडा पाहून येऊ?"

आईने लेकीच्या कानामागे चाटले. मग म्हणाली, "तुला अडवून ठेवलं, तर तू इथे असूनही इथे असणार नाहीस. जा. पण कुठल्या वाटेनं जाणार आणि कधी परतणार, ते मला सांगून जा."

"गवाआजोबांच्या वाटेनं, खिंडीतून. पौर्णिमेच्या आत येईन."

निघताना ती गव्याला भेटायला गेली. गवा चिखलात बसला होता. त्याने तिला वाट समजावून सांगितली : कुठे ओढा ओलांडायचा, कुठे घसरण आहे, कुठे कारवीच्या झुडपांत निजायला आडोसा आहे. "उजेड आहे तोवर आडोसा गाठ," तो म्हणाला. "आणि कुठे निजणार, हे वाटेत भेटलेल्याला सांगू नकोस."

"बरं, आजोबा."

"आणखी एक. कधी कधी समोरचा गोड बोलत असतो, काही वावगं दिसत नसतं, तरी मानेवरचे केस उभे राहतात. असं झालं की का, कशासाठी, हे शोधत बसू नकोस. आधी लांब हो. कारण मागाहून सापडतं."

भेकरीने मान हलवली. पण खरे सांगायचे तर तिचे मन तेव्हा वर पोहोचलेले होते. गव्याच्या मागे डोंगराच्या माथ्यावर एक पांढरा ढग टेकला होता, आणि ती त्या ढगाकडेच पाहत होती.

पहिला दिवस स्वप्नासारखा गेला. धुके झाडांतून असे फिरत होते की झाडेच चालत आहेत असे वाटे. ओढ्याचे पाणी दिसण्याआधी ऐकू येई. ओल्या खडकांवर शेवाळाची मऊ गादी होती आणि त्यावर तिच्या खुरांचा आवाजही उमटत नव्हता. हिरड्याखाली पडलेली फळे तिने खाल्ली. एका वळणावर ऊन अचानक धुक्यात शिरले आणि सगळे रान सोनेरी दुधात बुडाल्यासारखे झाले. भेकरी तिथेच उभी राहिली. आपण चालतो आहोत की झोपेत आहोत, हे तिला कळेना. तरी उजेड सरण्याआधी तिने कारवीचा आडोसा गाठला, खडकाला पाठ लावली आणि शांत निजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिंडीच्या खालच्या चढणीला लागली. तिथे वाटेच्या कडेला एक कोल्हा बसला होता. तो अंग चाटत होता. तिला पाहून तो उठला नाही, दचकला नाही. ओळखीचे कुणी आल्यासारखा नुसता हसला.

"सड्यावर ना?" तो म्हणाला. "चालण्यावरूनच कळतं. खूप जण येतात. छान केलंत, ताई. एकट्याच आलात?"

"हो," भेकरी म्हणाली.

"शाब्बास! एवढी हिंमत आजकाल कुठे दिसते? घरी काळजी करत असतील."

"नाही. पौर्णिमेपर्यंत कुणी वाट पाहणार नाही."

हे बोलून गेल्यावर तिच्या मानेवरचे केस हळूच उभे राहिले. वाऱ्याची झुळूक आली असेल, असे तिने स्वतःला सांगितले. कोल्हा तर किती अदबीने बोलत होता.

"तुम्ही इथलेच का?" तिने विचारले.

"आम्ही काय, सगळीकडचेच," कोल्हा म्हणाला. "काल रात्री कुठे निजलात? आज कुठे निजणार?"

"बघू," भेकरी म्हणाली. तेवढे मात्र तिने सांगितले नाही.

"खिंडीची वाट फार लांबची आहे बरं का," कोल्हा उठत म्हणाला. "डाव्या हाताला कड्याकडेनं एक जवळची वाट आहे. दुपारच्या आत सड्यावर पोहोचाल. चला, मी दाखवतो. मला काही काम नाही."

भेकरीला खिंडीतूनच जायचे होते. तिने आईला तीच वाट सांगितली होती. पण समोरचा एवढ्या आपुलकीने म्हणतो आहे आणि आपण नाही म्हणायचे, हे तिला जमेना. 'नाही' हा शब्द तिच्या जिभेपर्यंत आला, तिथे थोडा घुटमळला आणि परत गेला. ती कोल्ह्याच्या मागून चालू लागली.

धुके दाट होत गेले. आता ते कालच्यासारखे हलत नव्हते. जागच्या जागी बसून होते. डावीकडे कडा होता, पण दिसत नव्हता. खालून फक्त थंड हवा वर येत होती. कोल्हा एकसारखा बोलत होता. सड्यावरच्या फुलांविषयी, पाण्याविषयी, आभाळाविषयी. त्याचा आवाज मऊ होता आणि त्या आवाजात भेकरीला गुंगी आल्यासारखे होत होते. पण हळूहळू तिच्या काही गोष्टी ध्यानात येऊ लागल्या. कोल्हा आता पुढे चालत नव्हता, तिच्या उजव्या अंगाला चालत होता, आणि त्यामुळे ती कड्याच्या बाजूला राहिली होती. तिने विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्याने सरळ उत्तर दिले नव्हते. आणि बोलता बोलता तो अधूनमधून तिच्या मागे पाहत होता.

तिच्या मानेवरचे केस पुन्हा उभे राहिले. ती थांबली.

"मी परत फिरते," ती म्हणाली. "मी खिंडीतूनच जाईन."

कोल्ह्याचा चेहरा पडला. "का हो, ताई? काही चुकलं का माझं?"

"नाही, तसं नाही..."

"माझ्यावर विश्वास नाही, असंच ना? मी सकाळपासून तुमच्यासाठी पायपीट करतोय. सगळे कोल्हे सारखे, असंच तुम्हाला वाटतं." तो खाली मान घालून म्हणाला, "असू दे. सवय आहे आम्हाला."

भेकरीला अगदी ओशाळल्यासारखे झाले. आपण त्याचे मन दुखावले, असे तिला वाटले. बाळांनो, तुम्ही तिथे असता, तर कदाचित तुम्हालाही तसेच वाटले असते. ती आणखी वीस पावले त्याच्याबरोबर चालली. ती वीस पावले तिला पुढे जन्मभर आठवत राहिली.

मग मागून वारा आला. ओला, जड वारा. आणि त्या वाऱ्यावर एक वास होता. कोल्ह्याचाच वास; पण कोल्हा तर तिच्या शेजारी होता, आणि वास मागून येत होता.

म्हणजे मागे आणखी कुणीतरी होते. सकाळपासून होते.

त्या क्षणी भेकरीच्या डोक्यातले सगळे धुके उडाले. तिला कड्याचा काठ दिसला, चार पावलांवर. समोर उजव्या हाताला घरासारखा एक मोठा खडक दिसला. ती काही बोलली नाही. तिने 'माफ करा' म्हटले नाही, कारणही सांगितले नाही. एका उडीत ती कोल्ह्याच्या पुढून निघाली आणि खडकाला पाठ लावून उभी राहिली. आता मागून कुणाला येता येणार नव्हते.

धुक्यातून एक कोल्ही बाहेर आली. ती बारीक, राखाडी आणि अगदी शांत होती. कोल्हाही आता हसत नव्हता.

"उगीच सारखा मागे बघत राहिलास," कोल्ही कोल्ह्याला म्हणाली. "अजून थोडं पुढे न्यायचं होतं."

पळावे, तर एका बाजूला कडा आणि दोन बाजूंना ते दोघे. भेकरीने तोंड उघडले, आणि ती ओरडली.

भेकराचा आवाज तुम्ही कदाचित ऐकला नसेल. एवढ्या नाजूक प्राण्याच्या गळ्यातून तो येतो, यावर पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. तो कुत्र्याच्या भुंकण्यासारखा असतो, खरखरीत आणि राकट. भेकरी एकदा ओरडली, पुन्हा ओरडली, आणि ओरडतच राहिली. आवाज कड्यावर आपटला, दरीत उतरला आणि समोरच्या डोंगरावरून परत आला.

कोल्हा गडबडला. "अहो ताई, हळू!" तो पुन्हा गोड आवाजात म्हणाला. "हा काय तमाशा? आम्ही काय केलं तुम्हाला? कुणी ऐकलं, तर काय म्हणेल?"

भेकरीला लाज वाटली. अगदी त्या घटकेलाही तिला लाज वाटली. पण ती थांबली नाही. ती त्या दोघांवरची नजर न काढता ओरडत राहिली.

कोल्हीने झेप घेतली. भेकरीच्या मागच्या पायाला दात लागले. एक गरम, झणझणीत वेदना वर चढत गेली. भेकरीने सगळे बळ एकवटून दुसऱ्या पायाची लाथ झाडली. तिचे खूर बारीक आणि धारदार होते. ते कोल्हीच्या जबड्यावर बसले, आणि कोल्ही विव्हळत बाजूला पडली. पाय सुटला. भेकरी पुन्हा खडकाला टेकली आणि पुन्हा ओरडू लागली.

आता दरीतून उत्तर आले. आधी एका वानराने खोकल्यासारखा इशारा दिला, मग दुसऱ्याने. वर कुठेतरी टिटवी कलकलत उठली. रानकोंबडे ओरडले. धुक्याआड सारे रान जागे झाले होते, आणि आता साऱ्या रानाला ठाऊक झाले होते की कड्याकडेच्या वाटेवर कोल्हे आहेत.

कोल्हीने जबडा जमिनीला घासला. "चल," ती कोल्ह्याला म्हणाली. "आता आज या डोंगरावर उंदीरसुद्धा बिळाबाहेर यायचा नाही."

"पण ती लंगडतेय," कोल्हा म्हणाला.

"मग जा तू. माझा दात हललाय."

कोल्हा दोन पावले पुढे आला. भेकरीने मान खाली घातली आणि पुढचा खूर कातळावर आपटला. ठिणगी उडावी तसा आवाज झाला. कोल्हा थांबला. चोरून येणाऱ्याला कुणी पाहिले की त्याची निम्मी ताकद तिथेच संपते. तो थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला, मग वळला, आणि दोघेही धुक्यात विरून गेले.

भेकरी लगेच हलली नाही. ते गेले असे दिसले, म्हणजे ते गेलेच असे नाही, हे आता तिला समजले होते. वाऱ्यावरचा वास पुरता जाईपर्यंत ती खडकाला टेकून उभी राहिली. मग तिचे अंग थरथरू लागले. मघाशी लढताना न आलेला सगळा थरकाप आता आला. तो थांबेपर्यंत ती थांबली. पायातून रक्त येत होते. ते तिने चाटून काढले. आणि मग कोल्ह्याने दाखवलेल्या वाटेने एक पाऊलही पुढे न टाकता, आली त्याच वाटेने ती मागे फिरली आणि खिंडीकडे निघाली.

मध्ये एक जागा आली, तिथून एक वाट खाली घरी जात होती. ती वाट ओळखीची होती, उताराची होती आणि तिच्या टोकाशी आई होती. भेकरी तिथे उभी राहिली. आपण मूर्खासारखे निघालो, घरीच बसायला हवे होते, असे तिच्या मनात आले. मग तिला वाटले, 'खिंडीची वाट चुकीची नव्हती. सडाही चुकीचा नव्हता. मी कोल्ह्याच्या मागून गेले, एवढंच चुकलं.' तिने दुखरा पाय टेकवून पाहिला. तो टेकत होता. ती वर निघाली.

खिंड ओलांडून ती माथ्यावर पोहोचली, तेव्हा दिवस कलला होता. शेवटच्या चढावर धुके तिच्या पायांपाशी राहिले आणि तिचे डोके उन्हात निघाले. आणि समोर सडा होता.

गव्याने सांगितले होते ते सगळे तिथे होते, आणि त्याला सांगता आले नव्हते तेही होते. पिवळा रंग वाऱ्याबरोबर हलत दूरवर जाई, तिथे गुलाबीत मिसळे, आणि तोच रंग मावळतीच्या आभाळात पुन्हा दिसे. फुले कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झाले, हे सांगता येत नव्हते. भेकरी हळूहळू, लंगडत लंगडत त्यात शिरली. फुले तिच्या पोटाला लागत होती. एका खळग्यात पाणी होते आणि पाण्यात एक लालसर ढग निजला होता. ती वाकली आणि प्यायली. ढग हलला, तुटला आणि पुन्हा जुळला. पाणी इतके गार होते की तिच्या डोळ्यांत आसवे आली. पाण्यामुळे की दिवसभराच्या भीतीमुळे, हे तिचे तिलाही कळले नाही.

तेवढ्यात जवळच्या गवतात काहीतरी हलले. भेकरी ताडकन वळली आणि दगडाला पाठ देऊन उभी राहिली. गवतातून एक चौशिंगी बाहेर आली. चौशिंगी म्हणजे चार शिंगांच्या हरणाची मादी. तिच्या मागे, तिच्या पायांत अडखळत एक एवढेसे पाडस होते.

"घाबरू नकोस, बाई," चौशिंगी लांबूनच म्हणाली. "आम्ही इथेच थांबतो. तुला हवं तेवढं लांब."

तिने जवळ येण्याची घाई केली नाही, काही विचारलेही नाही. भेकरीच्या मानेवरचे केस शांत होते. थोड्या वेळाने भेकरी म्हणाली, "या. पाणी गोड आहे."

पाणी पिऊन झाल्यावर चौशिंगी म्हणाली, "आज आमचं नशीब थोर. सकाळी एक कोल्हा भेटला होता. फार गोड बोलत होता. कड्याकडेनं जवळची वाट आहे म्हणाला, पुढे जाऊन बघून ठेवतो, तुम्ही मागून या म्हणाला. मी या बाळाला घेऊन निघालेच होते. तेवढ्यात कड्यावरून कुणीतरी ओरडायला लागलं. असं ओरडत होतं की माझे पायच थांबले. आम्ही तिथूनच मागे फिरलो आणि खिंडीतून वर आलो. कोण होतं, देव जाणे. पण जगलं असेल, तर त्याचं भलं होवो."

भेकरी फुलांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "जगलं."

चौशिंगीने तिच्या पायाची जखम पाहिली. तिने पुढे होऊन ती जखम चाटायला सुरुवात केली. पाडस मात्र भेकरीच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले.

"तू होतीस ती?" त्याने डोळे मोठे करून विचारले. "तुला भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," भेकरी म्हणाली.

"मग ओरडलीस कशी?"

"भीती वाटली, म्हणूनच ओरडले."

पाडसाने थोडा विचार केला. मग त्याने आपले इवलेसे तोंड उघडले आणि ओरडून पाहिले. चिमणीएवढा आवाज निघाला. तो आवाज पिवळ्या फुलांवरून थोडासा दूर गेला आणि संध्याकाळच्या उन्हात मिसळला.

"आणखी मोठ्यानं," भेकरी म्हणाली.

तात्पर्य : दूरच्या वाटेला खुशाल निघावे, पण मन सावध करू लागले, तर समोरच्याच्या गोड बोलण्याच्या भिडेत अडकू नये. जीव वाचवण्यासाठी दिलेला आवाज हा कुणाचा अपमान नसतो, आणि तो आपल्या एकट्यालाच वाचवतो असेही नाही.